कृत्रिम झडपेचा छुपा जंतुसंसर्ग: अन्ननलिकेतून इको की पेट-सीटी?

हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाचा ताप हटत नाही, रक्ताच्या कल्चरमध्ये काही वाढत नाही आणि छातीवरून केलेला इकोही (हृदयाची सोनोग्राफी) संदिग्ध येतो, तेव्हा पुढची तपासणी कोणती, असा पेच कुटुंबापुढे पडतो.

अन्ननलिकेतून केलेला इको हृदयाला अगदी मागून पाहतो आणि जंतूंचे पुंजके, झडपेच्या कडेची गळती व गळू दाखवतो. त्यात किरणोत्सर्ग नसतो आणि तो खाटेपाशीच करता येतो. मात्र धातूच्या झडपेची सावली नेमका संशयित भाग झाकू शकते. संशय कायम राहिल्यास 5 ते 7 दिवसांनी तो पुन्हा करतात.

पेट-सीटी दाहग्रस्त पेशींनी शोषलेली किरणोत्सारी साखर टिपते, त्यामुळे प्लीहेत किंवा मणक्यात पोहोचलेला संसर्गही सापडू शकतो. हृदयाच्या झडपेच्या संसर्गाचे निदान ठरवणाऱ्या ड्यूक निकषांच्या 2023 च्या सुधारित आवृत्तीत तिला स्थान आहे. ती खर्चिक आहे, तिच्यासाठी आधी कर्बोदके टाळून उपवास करावा लागतो (मधुमेहींना हे जड जाते), आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या 3 महिन्यांत जखम भरतानाचा दाहही संसर्गासारखा भासू शकतो.

जंतूचे नाव दोन्ही सांगत नाहीत. कॉक्सिएला किंवा बार्टोनेला या कल्चरमध्ये सहज न वाढणाऱ्या जंतूंसाठी रक्तातील प्रतिपिंडे तपासावी लागतात.

नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या किंवा अत्यवस्थ रुग्णासाठी इकोच योग्य. झडप जुनी, प्रकृती स्थिर आणि इको अनिर्णित असेल, तर माझ्या मते पेट-सीटी लांबवू नये, कारण प्रतिजैविके जितके दिवस चालतात तितकी या तपासणीने खोटा दिलासा देण्याची शक्यता वाढते.