नवशिके, मध्यम की प्रगत? आपलं चित्र कुठल्या विभागात टाकावं

समोर पितळी तांब्या आहे. डावीकडच्या खिडकीतून उजेड येतोय. ए-फोर कागदावर टू-बी पेन्सिलीनं पाऊण तास बसून काढलेलं त्याचं चित्र तयार आहे. ते अभिप्रायासाठी ऑनलाइन टाकायला गेलं की तिथे विचारतात: नवशिके, मध्यम की प्रगत? आणि हात थांबतो.

मी मोठ्या माणसांचे चित्रकलेचे वर्ग घेते. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की एकदा नीट लिहावं असं ठरवलं. शाळेत तो आपल्याला कधी पडला नाही. एलिमेंटरी झाली की इंटरमिजिएट, पेपर दिला की श्रेणी हातात. राज्य कला प्रदर्शनातही विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा आणि कलाकारांचा वेगळा असतो. ऑनलाइन मात्र आपली इयत्ता आपणच ठरवायची. मग कुणी संकोचापायी वर्षानुवर्षं नवशिक्यांत बसून राहतं, तर कुणी इंटरमिजिएटला ‘ए’ मिळाली होती म्हणून वीस वर्षांनी थेट प्रगतमध्ये चित्र टाकतं. दोघांचाही वेळ वाया जातो.

मी विभाग निवडताना एवढंच बघते, की तिथे मला कुठल्या प्रकारचा अभिप्राय मिळेल आणि तो मला उद्या सकाळी कागदावर वापरता येईल का. तोच तांब्या तिन्ही विभागांत नेऊन बघू.

नवशिक्यांत कुणीतरी लगेच सांगेल की तांब्याच्या तोंडाचा लंबगोल दोन्ही बाजूंना टोकदार झालाय. लंबगोलाला टोक नसतंच, कड तिथे वळते. दुसरं कुणी सांगेल की तळ सरळ रेघेनं काढलाय, त्यामुळे तांब्या अर्धा कापून ठेवल्यासारखा दिसतो. आपण वरून बघत असू, तर तळाचा लंबगोल तोंडापेक्षा जास्त उघडा असतो, कारण तो नजरेच्या पातळीपासून आणखी खाली आहे. तिसरं कुणी म्हणेल, मध्यरेषा आखून बघ, डावी बाजू फुगलीय. या सगळ्या चुका अशा आहेत की त्यांवर वाद होत नाही. हात लांब करून पेन्सिलीनं मोजलं की खरं-खोटं कळतं. हीच या विभागाची ताकद. उत्तरं लवकर येतात आणि लगेच वापरता येतात. अडचण अशी की सांगणारेही बरेचसे शिकणारेच असतात. त्यामुळे ‘सुंदर’, ‘छानच’ यांचा पाऊस पडतो आणि कधी चुकीचा सल्लाही मिळतो. मोजून पडताळता येईल तोच सल्ला घ्यायचा, असं मी वर्गात सांगते. पायापासून सुरुवात करायची असेल तर ड्रॉअबॉक्स हा मोफत अभ्यासक्रम बघावा. पहिला धडा रेघा, लंबगोल आणि खोके यांचा आहे. त्याला जोडून अडीचशे खोके काढायचा सराव. आणि मला फार आवडलेला एक नियम: चित्रं काढायला जितका वेळ मिळतो त्यातला निम्मा निव्वळ आवडीचं काढण्यासाठी राखून ठेवायचा.

मध्यम विभागात आकार बसलाय असं गृहीत धरतात आणि छायाप्रकाशाबद्दल बोलतात. तिथे ऐकायला मिळेल: तुझा तांब्या मातीचा वाटतोय. कारण सगळी छटा बोटानं घासून मऊ केलीय. मातीच्या मडक्यावर उजेड हळूहळू मावळतो. घासलेल्या पितळेवर पांढरा पट्टा असतो आणि त्याला चिकटूनच जवळजवळ काळा. ही उडी कागदावर मारायचं धाडस झालं की पितळ दिसायला लागतं. पुढे पडछाया. तांब्या जिथे टेबलाला टेकतो तिथे ती सगळ्यात गडद आणि कड धारदार, लांब जाईल तसतशी फिकी आणि मऊ. सावलीतल्या बाजूला टेबलावरून परतलेला उजेड असतो, तो हवाच, पण उजेडाच्या बाजूपेक्षा कमी. असा अभिप्राय नवशिक्यांपेक्षा उशिरा येतो आणि कमी येतो, पण वाचायला बसावं लागतं आणि चित्र पुन्हा काढावं लागतं. पुन्हा काढायची तयारी असेल तरच हा विभाग घ्यावा.

प्रगतमध्ये प्रश्नच बदलतात. तांब्या कागदाच्या बरोबर मध्ये का? उरलेल्या जागेचं काय? कुठली कड हरवू दिली असती, म्हणजे मागच्या छटेत मिसळू दिली असती, तर चाललं असतं? इथे दोन जाणकार दोन टोकांचं बोलू शकतात आणि दोघंही बरोबर असू शकतात. आपल्याला काय दाखवायचं होतं हे आपल्याकडे ठरलेलं नसेल, तर माणूस गोंधळून जातो. आर्टस्टेशन आणि बिहान्स या संकेतस्थळांना अनेकजण ‘प्रगत विभाग’ समजतात. ती पेढीवरची मांडणी आहे. आर्टस्टेशनवर गेम आणि सिनेमांसाठी काम करणारे आपलं पूर्ण झालेलं काम ठेवतात, काम देणारे ते बघायला येतात. तिथे सरावाचा तांब्या कुणी दुरुस्त करून देणार नाही.

मग आपण कुठले? गेल्या दोन-तीन महिन्यांतली दहा चित्रं जमिनीवर मांडा. सगळ्यात आवडती दोन उचलून बाजूला ठेवा. उरलेल्या आठांत ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्या ज्या विभागात बोलल्या जातात तो आपला विभाग. चुका दिसत नसतील तर चित्र आरशासमोर धरा. उलटं झालं की झुकलेला तांब्या लगेच झुकलेला दिसतो.

सगळ्यात अवघड निवड असते ती ग्रिड टाकून व्यक्तिचित्रं काढणाऱ्यांची. असे हात आपल्याकडे गावोगाव आहेत. फोटोवर चौकोन आखायचे, तेच कागदावर मोठे करायचे आणि मग पंधरा-पंधरा दिवस पेन्सिलीनं पापणीचा केस न् केस उभा करायचा. हे कष्ट मी कमी लेखत नाही आणि ग्रिड ही जुनी, प्रामाणिक पद्धत आहे. पण या हातात दोन पातळ्या एकत्र असतात. छटा प्रगत, बांधणी सुरुवातीची. माझ्याकडे एक विद्यार्थी असाच आला. प्रगतमध्ये चित्र टाकलं की भरपूर कौतुक व्हायचं आणि शिकायला काही मिळायचं नाही. मी त्याला सांगितलं, हाच चेहरा फोटोशिवाय थोडा उजवीकडे वळवून काढ. कान जबड्यावर आला आणि लांबचा डोळा जवळच्याइतकाच मोठा राहिला. त्यानं ते कच्चं चित्र नवशिक्यांत टाकलं, डोक्याची गोल बांधणी आणि मध्यरेषा कशी वळते एवढंच विचारलं, आणि त्याला जे हवं होतं ते तिथे मिळालं. ग्रिड वापरली असेल तर मात्र चित्राखाली तसं लिहावं. सांगणाऱ्याला बांधणीबद्दल बोलायचं की छटेबद्दल, हे त्यावरूनच कळतं.

माध्यम बदललं की विभागही बदलतो. मी पेन्सिलीत बरीच वर्षं काढल्यावर जलरंगाकडे वळले आणि सवयीनं मध्यममध्ये चित्र टाकलं. आकाशाच्या वॉशमध्ये, म्हणजे पाणी घालून पसरलेल्या पातळ रंगात, फुलकोबीसारखे डाग पडले होते. अर्धवट सुकलेल्या रंगात मी पुन्हा ओला ब्रश घातला होता, म्हणून. मध्यममधले लोक रंगसंगतीबद्दल बोलत राहिले. नवशिक्यांत विचारलं तेव्हा कुणीतरी एका ओळीत सांगितलं: कागदाची चमक गेली की हात मागे घ्यायचा, पूर्ण सुकेपर्यंत. ती ओळ मला आजही पुरते. रांगोळीत चिमटीचा हात बसलेल्या बाईनं जलरंगात नवशिक्यांत बसायला अजिबात कमीपणा मानू नये. रंगाची नजर तिच्याकडे आहेच, पाण्याचा अंदाज तेवढा शिकायचाय.

पातळी विचारतच नाहीत अशाही जागा आहेत. अर्बन स्केचर्स ही चळवळ २००७ मध्ये सिएटलहून सुरू झाली. मुंबई-पुण्यातही तिचे गट आहेत. अट एवढीच की प्रत्यक्ष जागेवर बसून, समोर दिसतंय ते काढायचं आणि मग ते सगळ्यांना दाखवायचं. वाड्याच्या दारासमोर दहा जण बसलेत, कुणाचं दार तिरकं, कुणाचं सुरेख, आणि स्केचबुकं शेजारी शेजारी मांडलेली. परीक्षेची धास्ती मनात बसलेल्या माणसाला मी आधी इकडे पाठवते. चुकांची बारीक छाननी हवी असेल तर मात्र तिन्ही विभागांपैकीच एक निवडावा.

दोन विभागांत अडकलात तर खालचा घ्या. सलग तीन चित्रांवर नुसतं ‘छान’ आलं की वरच्यात जा. वर गेल्यावर अभिप्राय वाचूनही काय करायचं हे कळत नसेल, तर परत खाली या, कुणी हिशेब ठेवत नसतं.

आणि चित्राखाली चार शब्द लिहा. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, मोबाइल कागदाला समांतर धरून काढा. नाहीतर तिरक्या फोटोनं बिघडलेला लंबगोल लोक तुमच्या नावावर टाकतील. तांब्याखाली मी असं लिहीन:

‘ए-फोर कागद, टू-बी, पाऊण तास. समोर ठेवून काढला, ग्रिड नाही. तोंडाचा लंबगोल दोनदा खोडला. तांब्या टेबलावर बसलाय असं वाटतं, की तरंगतोय?’