पालकांचा ग्रुप की ब्रॉडकास्ट लिस्ट?

शैक्षणिक वर्ष सुरू झाले की वर्गशिक्षकाला पहिल्याच आठवड्यात ठरवावे लागते, की पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप करायचा, की प्रत्येकाला स्वतंत्र संदेश जाईल अशी ब्रॉडकास्ट लिस्ट करायची. मी प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळतो. तीन वर्षे ग्रुप चालवला आणि गेली दोन वर्षे लिस्ट वापरतो आहे.

ग्रुपची सोय नाकारण्यात अर्थ नाही. गैरहजर मुलाच्या आईने गृहपाठ विचारला, तर मी वर्गात शिकवत असतानाही दुसरी आई वहीचा फोटो टाकून तिची अडचण भागवते. पालकांची आपसांत ओळख होते, आणि ते लिस्टने कधीच साधत नाही.

तरीही ग्रुप सोडावा असे मला वाटले ते एका संध्याकाळमुळे. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आधार कार्डाची आणि बँक पासबुकची झेरॉक्स मुलांबरोबर पाठवावी, असे मी ग्रुपवर लिहिले होते. एका वडिलांनी झेरॉक्सऐवजी फोटोच टाकला, तो पाहून दुसऱ्यांनी टाकला, आणि मी जेवण आटोपून फोन हातात घेतला तोवर अकरा घरांची कागदपत्रे एकतीस घरांसमोर उघडी पडली होती. एका पासबुकच्या पहिल्या पानाबरोबर शिल्लक रक्कम दाखवणारे पानही आले होते. ते ज्या आईचे होते, ती वर्गातल्याच दुसऱ्या एका पालकाच्या शेतावर मजुरीला जाते. ॲडमिन म्हणून मी सारे फोटो सर्वांसाठी हटवले. पण ज्यांनी तोवर ते पाहिले किंवा वेगळे जपून ठेवले, त्यांच्यापुढे ॲडमिनचा इलाज चालत नाही. दुसऱ्या दिवशी ती बाई मुलीला सोडायला आली आणि फाटकातूनच परत फिरली. पालकांचे यात काहीच चुकले नव्हते. दिलेले उत्तर सर्वांना दिसते अशा जागी कागदपत्रांचा विषय मी काढला होता.

फक्त ॲडमिननेच लिहावे अशी सोय ग्रुपमध्ये आहे, हे मला ठाऊक आहे. पण ती लावली की आयांनी एकमेकींना मदत करण्याची वाट बंद होते, आणि सदस्यांच्या यादीत प्रत्येकीचा नंबर दिसायचा तो दिसतोच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. पुढे आलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, आणि संमती ज्या कारणासाठी दिली त्या कारणापुरतीच ती धरावी असे तत्त्व आहे. वर्गापुरता मी त्याचा अर्थ एवढाच घेतो की प्रवेश अर्जावर लिहिलेला नंबर शाळेसाठी दिलेला असतो, इतर तीस घरांसाठी नव्हे.

लिस्टमध्येही त्रास आहेच. २५६ जणांची मर्यादा वर्गाला आड येत नाही, पण ज्या पालकाच्या फोनमध्ये शिक्षकाचा नंबर जतन केलेला नाही, त्याला संदेश पोहोचतच नाही. ऊसतोडीला गेलेल्या घरांचे नंबर बदलतात, कधी फोन आजीकडे राहतो. म्हणून पहिल्या पालकसभेत दहा मिनिटे राखून मी प्रत्येकाच्या फोनमध्ये माझा नंबर घालून घेतो, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा पडताळतो. गृहपाठाचा एकच प्रश्न सात जणांकडून वेगवेगळा येतो. त्याची उत्तरे देण्यात माझी रोजची पंधरा-वीस मिनिटे जातात. मला ती जड वाटत नाहीत. ज्यांच्या वर्गात साठ मुले आहेत, त्यांचे मत कदाचित वेगळे पडेल.

कागदपत्रे मात्र मी लिस्टवरही मागत नाही, कारण तिथे आलेला फोटो माझ्या फोनमध्ये राहतो आणि तो फोन माझ्या घरातली मुलेही हाताळतात. झेरॉक्स बंद पाकिटातून येते आणि जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही) असलेल्या कपाटात कुलपाआड जाते.

नंबर जतन करून घेणे जमण्यासारखे नसेल, तर व्हॉट्सॲप कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र जोडणारी सोय, आणि तिच्यातला फक्त ॲडमिनने लिहायचा घोषणांचा ग्रुप पाहावा. त्यात सदस्यांना एकमेकांचे नंबर सहसा दिसत नाहीत. शेजारच्या वर्गाच्या बाई यंदा तोच वापरत आहेत.