कोबो टूलबॉक्स: पूरग्रस्त वाड्यांवर तक्रारी नोंदवायला चांगलं, उत्तर मात्र आपल्यालाच द्यावं लागतं

जुलै २०२१ मध्ये म्हादई, वाळवंटी आणि खांडेपार या नद्यांचं पाणी गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा भागांतल्या घरांत शिरलं. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं तेव्हा मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं होतं. अशा वेळी धान्य, चादरी, पाणी घेऊन जाणारे गट कमी नसतात. कमी असतात ते ऐकून घेणारे. तलाठ्याच्या यादीत भाडेकऱ्याचं नाव नाही, विहिरीतला गाळ कोणी काढलेला नाही, कुळागराचा (सुपारी-नारळाच्या बागेचा) बांध फुटलाय त्याचा पंचनामा झाला नाही, निवाऱ्यात बायकांच्या न्हाणीला कडी नाही: हे स्वयंसेवकाच्या कानावर पडतं आणि तिथंच राहतं. ते नोंदवून योग्य माणसापर्यंत नेण्यासाठी जगभरच्या मदतसंस्था कोबो टूलबॉक्स वापरतात, म्हणजे फोनवर फॉर्म भरून माहिती गोळा करण्याचं साधन. गोव्यातल्या छोट्या गटांना ते कितपत उपयोगी आहे, हे इथं पाहू.

नोंदीसाठी याहून बरं मोफत साधन सहज सापडणार नाही. मोफत योजनेत नोंदींना आणि साठवणीला मर्यादा असते आणि ती वेळोवेळी बदलत आली आहे, म्हणून खातं उघडतानाच पाहून घ्यावी. सार्वजनिक सर्व्हर दोन आहेत, एक जागतिक आणि एक युरोपीय. एकावरचं खातं दुसऱ्यावर चालत नाही. गटातल्या दोघांनी वेगवेगळ्या सर्व्हरवर खाती काढली तर एकमेकांचा फॉर्म दिसत नाही, आणि कारण शोधण्यात अर्धा दिवस जातो.

मोठा गुण म्हणजे नेटवर्कशिवाय काम. कोबोकलेक्ट हे ॲप अँड्रॉइडवर चालतं, आयफोनवर नाही. आयफोनवाल्यांनी ब्राउझरमधला वेब फॉर्म नेटवर्क असताना एकदा उघडून ठेवावा, मग तोही नेटवर्कविना भरता येतो. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळानंतर गोव्यात अनेक ठिकाणी कित्येक दिवस वीज नव्हती. वीज गेली की टॉवरही डळमळतो, तेव्हा हा गुण चैनीचा राहत नाही. पण स्वयंसेवकाला एक गोष्ट ठसवून सांगावी लागते: शेवटच्या पानावर फॉर्म ‘फायनलाइज’ (पूर्ण झाला अशी खूण) केला नाही तर तो ड्राफ्टमध्येच पडून राहतो, सर्व्हरवर जात नाही. आपोआप पाठवण्याची सोय सेटिंगमध्ये चालू करून ‘वायफाय किंवा मोबाईल डेटा’ असा पर्याय निवडावा. नुसतं वायफाय निवडलं तर वाळपईच्या आत असलेल्या वाड्यावरची नोंद माणूस घरी पोचेपर्यंत फोनमध्येच राहते. न पाठवलेल्या नोंदी असताना ॲप काढून टाकलं तर त्या गेल्याच. आणि ‘पाठवल्यावर पुसा’ हा पर्याय जरूर चालू ठेवावा, कारण हरवलेल्या फोनमध्ये लोकांची नावं आणि तक्रारी असणं फार वाईट.

भाषेचा भाग गोव्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. एकाच फॉर्ममध्ये देवनागरी कोकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड अशा पाचही आवृत्त्या ठेवता येतात. ॲपच्या मेनूतून भाषा बदलली की प्रश्न त्या भाषेत दिसतो. औद्योगिक वसाहतीजवळच्या खोल्यांत कन्नड आणि हिंदी लागते, जुन्या काबिजादींतल्या (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या) ख्रिस्ती वाड्यांवर अनेकांना रोमी लिपीच वाचता येते, हे धरूनच फॉर्म बनवावा. आधी मूळ भाषेला नाव द्यावं लागतं, त्याशिवाय दुसरी भाषा जोडता येत नाही. एखाद्या पर्यायाचं भाषांतर राहिलं तर तिथं नुसती आडवी रेघ दिसते, म्हणून प्रत्येक भाषेत फॉर्म शेवटपर्यंत चालवून पाहावा. पर्यायांची आतली सांकेतिक नावं इंग्रजी अक्षरांत, छोटी आणि मध्ये जागा न सोडता द्यावीत. अनेक उत्तरं निवडण्याच्या प्रश्नात नावात जागा सुटली की नोंदीची फोड चुकते. ज्यांना लिहिता येत नाही किंवा सांगताना मोकळं बोलायचं आहे, त्यांच्यासाठी आवाज रेकॉर्ड करण्याचा प्रश्न आहे. तो परवानगी विचारूनच वापरावा, आणि तो कोण ऐकणार हेही सांगावं.

फॉर्म लहान हवा. तालुका, गाव, वाडा, तारीख, नोंदीचा प्रकार, थोडक्यात मजकूर, उत्तर हवं का, हवं असल्यास कसं: एवढं पुरतं. प्रकार पाच ठेवावेत: प्रश्न, सूचना किंवा मागणी, तक्रार, अफवा किंवा ऐकीव समज, कौतुक. अफवेचा रकाना गाळू नये. ‘धरणाचे दरवाजे उघडले’ असं सकाळी एका वाड्यावर बोललं जात असेल तर दुपारपर्यंत खरं काय ते पोचवणं हीसुद्धा मदतच आहे. नाव आणि फोन ऐच्छिक ठेवावेत. फोन घेतलाच तर सहा ते नऊपैकी एका अंकाने सुरू होणारे दहा अंकच स्वीकारण्याची अट घालावी, नाहीतर एक अंक गळतो आणि उत्तर द्यायला माणूस सापडत नाही. आधार क्रमांक विचारू नये, त्याचा इथं काही उपयोग नाही. जीपीएससुद्धा फार वेळा गरजेचं नसतं. दाट झाडीत किंवा कौलारू शाळेच्या आत ॲप अचूक ठिकाणाची वाट पाहत बसतं, आणि तक्रारदाराच्या घराचा नेमका ठिपका नकाशावर येणं सगळ्यांच्या सोयीचं नसतं. गाळाचे किंवा पडझडीचे फोटो लागलेच तर त्यांची लांबी-रुंदी सुमारे १०२४ पिक्सेलपर्यंत मर्यादित करावी, मग मंद नेटवर्कवरही ते वर जातात.

आता पावतीबद्दल. तक्रार देणाऱ्याच्या हातात क्रमांक असलाच पाहिजे, आणि कोबो तो आपणहून देत नाही. नोंदीचा अनुक्रमांक सर्व्हरवर पोचल्यावर मिळतो. स्वयंसेवक तेव्हा वाड्यावर उभा असतो, नेटवर्क नसतं. म्हणून फॉर्ममध्येच गणिताचा (‘कॅल्क्युलेट’ प्रकारचा, ॲप स्वतःच उत्तर काढतं असा) प्रश्न घालून स्वयंसेवकाचा संकेत, दिवस, महिना, तास आणि मिनिट जोडून क्रमांक तयार करावा, तो शेवटच्या पानावर दाखवावा आणि स्वयंसेवकाने तो चिठ्ठीवर लिहून द्यावा. हे गणित ‘वन्स’ या फंक्शनमध्ये बंद करावं. नाहीतर ड्राफ्ट पुन्हा उघडला की वेळ बदलते, क्रमांक बदलतो आणि चिठ्ठीवरचा क्रमांक खोटा ठरतो. ही बारीक चूक बऱ्याच फॉर्ममध्ये आढळते.

लैंगिक शोषण, मदतीच्या बदल्यात काही मागणं, मारहाण, मुलांशी गैरवर्तन अशा गोष्टी या फॉर्ममध्ये लिहून घेऊ नयेत. त्यांच्यासाठी ‘संवेदनशील’ असा वेगळा पर्याय ठेवावा, तो निवडला की मजकुराचा रकानाच दिसेनासा व्हावा आणि फक्त ‘तुमच्याशी एका जबाबदार व्यक्तीने खाजगीत बोलावं का’ एवढाच प्रश्न राहावा. ती व्यक्ती आधीच ठरलेली हवी, शक्यतो स्त्री असावी आणि मदत वाटणाऱ्या पथकातली नसावी. सोबत ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक त्या पानावर दिसू द्यावेत. पुरातली तातडीची सुटका मात्र तक्रारीच्या फॉर्ममध्ये अडकवू नये, ती ११२ वरच कळवावी.

परवानग्यांची रचना चांगली आहे आणि ती वापरली पाहिजे. स्वयंसेवकांना फक्त नोंद भरण्याचा हक्क द्यावा, नोंदी पाहण्याचा नको. तालुका पातळीवरच्या माणसाला ठरावीक खात्यांवरून आलेल्याच नोंदी दिसतील, असंही करता येतं. ॲपची सेटिंग क्यूआर कोडने दुसऱ्या फोनवर नेता येते, पण त्या कोडमध्ये सर्व्हरचा पासवर्ड असू शकतो. तो वगळून कोड काढावा आणि व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये. एन्क्रिप्शन (नोंदी चावीशिवाय वाचता येऊ नयेत अशी सोय) चालू केलं तर गुप्त चावी दोन जागी जपून ठेवावी, ती हरवली तर नोंदी कोणालाच उघडता येत नाहीत.

फॉर्ममध्ये बदल केला की ‘रिडिप्लॉय’ करावं लागतं, म्हणजे बदललेला फॉर्म सर्व्हरवर पुन्हा लागू करावा लागतो, आणि मग प्रत्येक फोनने नवी आवृत्ती उतरवून घ्यावी लागते. भर पुरात प्रश्न बदलत बसू नये, मे महिन्यातच फॉर्म तयार ठेवावा. यादी बाहेर काढताना एक्सेलचीच फाइल घ्यावी. सीएसव्ही (साध्या मजकुराची यादी) अर्धविरामाने तोडलेली येते, आणि ती एक्सेलमध्ये थेट उघडल्यास देवनागरीच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसू शकतो.

सर्वांत मोठी उणीव इथं येते: कोबो ऐकतं, उत्तर देत नाही. तक्रार कोणाकडे गेली, कधी सुटली, सांगणाऱ्याला कळवलं का, याचा पाठपुरावा त्यात तयार मिळत नाही. नोंदीला ‘मंजूर’, ‘नामंजूर’, ‘प्रलंबित’ असा शेरा मारता येतो, पण तो नोंदीच्या गुणवत्तेसाठी आहे, त्याला तक्रारीची स्थिती समजू नये. त्यासाठी वेगळी एक्सेल यादी किंवा दुसरा छोटा ‘उत्तर फॉर्म’ ठेवावा: क्रमांक, जबाबदार व्यक्ती, मुदत, काय केलं, कळवलं ती तारीख. रोज संध्याकाळी कोणीतरी ही यादी घेऊन बसलं पाहिजे. मामलेदार कार्यालय, पंचायत आणि आपला गट यांपैकी कोणाचं काम हे त्याच दिवशी ठरावं. जे आपल्या हातात नाही तेही स्पष्ट सांगावं. ‘नुकसानभरपाई आम्ही देत नाही, पंचनाम्याचा अर्ज मामलेदारांकडे करा, लिहायला मदत करतो’ हे उत्तर ऐकणाऱ्याच्या कामाचं असतं. जी उत्तरं सगळ्यांच्या उपयोगाची आहेत ती पंचायतीच्या फलकावर लावावीत, देवळात आणि कपेलात वाचून दाखवावीत, नावं न घेता.

चार-पाच स्वयंसेवक आणि रोज दोन तास देणारा एक माणूस असेल तर कोबो जरूर घ्यावं. तो एक माणूस नसेल तर सध्या कागदी वहीच बरी, कारण वहीतल्या उत्तर दिलेल्या पाच तक्रारी सर्व्हरवरच्या पाचशे अनुत्तरित नोंदींपेक्षा लोकांच्या कामी येतात. ॲप वापरणाऱ्यांनीही प्रत्येक पथकाला कागदी फॉर्मचा छोटा गठ्ठा, बॉलपेन, झिपची प्लास्टिक पिशवी आणि पॉवर बँक द्यावी. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, आणि पावसात चार्जिंगची खात्री नसते. काम संपल्यावर नावं आणि फोन नंबर किती दिवसांनी पुसायचे, ही तारीख फॉर्म सुरू करण्याआधीच ठरवावी आणि परवानगी घेताना लोकांना सांगावी.