कॉलेजसाठी कोणती लाइन? ब्रॉडबँड, लीज्ड लाइन आणि एनकेएन

पाऊस लागला की गोव्यात चर खणणं थांबतं. म्हणून कॉलेजात नवी लाइन आणायची तर निर्णय एप्रिलपर्यंत व्हायला हवा. या सुमारास कोणी ना कोणी प्राचार्य किंवा खरेदी समितीवरचे प्राध्यापक मला विचारतातच: घरी येतो तसा ब्रॉडबँड फायबर पुरेल, लीज्ड लाइन घ्यावी, की राष्ट्रीय ज्ञान नेटवर्क म्हणजे एनकेएन या शिक्षण-संशोधन संस्थांच्या सरकारी जाळ्याची जोडणी मिळवावी? तिन्हींवर मी काम केलंय. एमबीपीएसचा, म्हणजे वेगाचा, आकडा मी सगळ्यात शेवटी विचारतो. आधी विचारतो, तुमच्याकडे संशोधन काय चालतं आणि त्याचा डेटा येतो कुठून.

ब्रॉडबँडचं लवकर आटोपतं. जीपॉन या घरोघरी फायबर देण्याच्या तंत्रात एका फायबरचा सुमारे २.५ जीबीपीएस वेग ३२ किंवा ६४ जोडण्यांत वाटला जातो, आणि अपलोडला त्याच्या निम्माच असतो. शंभरेक मुलांच्या कॉलेजात कार्यालय, प्रवेशाचे फॉर्म आणि स्टाफरूम यावर व्यवस्थित चालतात. दुरुस्तीच्या वेळेची हमी मात्र सहसा नसते. शनिवारी दुपारी लाइन गेली तर सोमवार उजाडेपर्यंत थांबायची तयारी हवी. ऑनलाइन परीक्षेचं केंद्र असेल तर एवढ्यावर राहू नका.

लीज्ड लाइनचे पैसे याच्या कितीतरी पट पडतात आणि ते का पडतात हे कळतं. वेग तुमच्या एकट्याचा, अपलोड-डाउनलोड सारखे, इंटरनेटवरचे (आयपी) पत्ते कायमचे, आणि करारात उपलब्धतेची टक्केवारी. ती नीट वाचा. ९९.५ टक्के म्हणजे वर्षाला जवळजवळ ४४ तास लाइन बंद राहिली तरी कंपनी करारात बसते. हिशोब महिन्याचा की वर्षाचा आणि हमी मोडल्यास बिलातून किती वजा होणार, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. पदवी कॉलेजांपैकी बहुतेकांना मी हीच सुचवतो.

एनकेएनची गोष्ट वेगळी आहे. केंद्र सरकारने मार्च २०१० मध्ये त्यासाठी ५,९९० कोटी रुपये मंजूर केले आणि उभारणी एनआयसी या सरकारी संगणक संस्थेकडे दिली. दीड हजारांहून अधिक संस्था त्यावर आहेत. ते टीन (आशिया) आणि जेआँ (युरोप) या संशोधन-जाळ्यांमार्फत युरोप-आशियातल्या विद्यापीठांशीही जोडलेलं आहे. मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था युरोपातल्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा डेटा ज्या वाटेने आणते ती ही. आपल्याकडे दोनापावलाला समुद्रविज्ञानाचं एनआयओ आहे, वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं एनसीपीओआर आहे. अशा संस्थांबरोबर तुमचे पीएचडीचे विद्यार्थी काम करत असतील तर हा पर्याय मनावर घ्याच. सेंटिनेल उपग्रहाचं एकेक दृश्य जीबीच्या घरात जातं. एक टेराबाइट डेटा १०० एमबीपीएसवर यायला सव्वाबावीस तास लागतात, १ जीबीपीएसवर सव्वादोन, तेही लाइन पूर्ण मोकळी असेल तर.

पण एक चूक मी वारंवार पाहिली आहे. मोठी लाइन येते आणि फाइल तरीही तीन-चार एमबीपीएसने रांगते. डेटाला युरोपला जाऊन परत यायला साधारण १५० मिलिसेकंद लागतात. वाटेतल्या फायरवॉलने, म्हणजे ट्रॅफिक तपासणाऱ्या यंत्राने, टीसीपीची विंडो (पोच येण्याआधी एका वेळी किती डेटा पाठवता येतो ती मर्यादा) ६४ किलोबाइटवर अडवून धरली की एका जोडणीला साडेतीन एमबीपीएसच्या वर जाताच येत नाही, मग लाइन कितीही मोठी असो. म्हणून डेटा उतरवणारं मशीन सगळ्या कॅम्पसच्या फायरवॉलमागे ठेवू नका. ते कॅम्पसच्या जाळ्याच्या सीमेजवळ, बाहेरची लाइन येते तिथे, वेगळं बसवा आणि राउटरवरच ठरावीक पत्त्यांपुरतं उघडा. हे करणारा माणूस नसेल तर एनकेएनसुद्धा व्हिडिओ पाहण्यापुरतंच उरतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण नुकसान त्या मुलांचं होतं.

एनकेएनमध्ये शेवटच्या टप्प्याची केबल दुसऱ्याच कंपनीची असू शकते. ती कोणाची, आज तिचा खर्च कोण उचलणार आणि बंद पडल्यावर फोन कोणाला करायचा, हे आधी लेखी मागा. हॉस्टेलचा मनोरंजनाचा ट्रॅफिकही यावर टाकू नये. हे जाळं शिक्षण-संशोधनासाठी आहे. हॉस्टेलला ब्रॉडबँड द्या.

एड्युरोम, म्हणजे आपल्या संस्थेच्या पासवर्डवर दुसऱ्या संस्थेत वाय-फाय मिळण्याची सोय, यासाठी लाइन निवडायची गरज नाही. भारतात ते एर्नेट ही सरकारी संस्था चालवते आणि तिन्हींवर ते चालू शकतं. पाहुण्या संशोधकाचा पासवर्ड त्याच्याच संस्थेत तपासला जातो. तेवढं लगेच सुरू करा.

माझं मत विचाराल तर संशोधन असलेल्या संस्थेने एनकेएन आणि जोडीला छोटी लीज्ड लाइन घ्यावी. आयआरआयएनएन या भारतातल्या इंटरनेट पत्त्यांच्या नोंदणी संस्थेकडून स्वतःचे पत्ते आणि एएस क्रमांक (इंटरनेटवर तुमच्या जाळ्याची स्वतंत्र ओळख) मिळवावा, म्हणजे एक लाइन गेली की तेच पत्ते दुसरीवरून चालतात, सर्व्हरला हात लावावा लागत नाही. २५६ पत्त्यांचा गट त्याला पुरतो.

आणि दोन लाइनी म्हणजे दोन वाटा, हे डोळ्यांनी पाहून घ्या. आमच्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी होत्या, दोन बिलं होती. मे महिन्यात रस्त्याच्या खोदकामात दोन्ही एका फटक्यात तुटल्या. फाटकाबाहेर चिऱ्यांच्या कुंपणालगत दोघांनी एकच चर वापरला होता. परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस होते, मुलं फोनचं हॉटस्पॉट देत फिरत होती. तेव्हापासून करार करण्याआधी मी कंपनीच्या माणसाला घेऊन फाटकापासून केबल जोडण्याच्या पहिल्या खड्ड्यापर्यंत चालत जातो आणि नकाशावर त्याची सही घेतो.