आई-बाबांना घेऊन चार-पाच दिवस: लेक डिस्ट्रिक्ट, हायलँड्स की नॉर्थ वेल्स?

लंडन, विंडसर, जमलंच तर बाथ आणि स्टोनहेंज. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की पहिल्या काही आठवड्यांत एवढं उरकतं. मग बँक हॉलिडेला, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्टीला, जोडून सुट्टी काढायची ठरते आणि घरात चर्चा सुरू होते, आता लांब कुठे न्यायचं? ती बहुतेक वेळा तीन नावांशी येऊन थांबते: इंग्लंडमधलं लेक डिस्ट्रिक्ट, स्कॉटलंडचे हायलँड्स, नाहीतर नॉर्थ वेल्स. तिन्हीकडे डोंगर, पाणी आणि मेंढ्या. नुसते फोटो बघून ठरवायला बसलात तर ठरणार नाही. साठी-सत्तरीची माणसं बरोबर असली की मी आधी एकच बघते: गाडीतून उतरल्यापासून बघायच्या जागेपर्यंत किती चालायचं आणि किती चढायचं.

उंचीचं कौतुक तर करूच नका. बेन नेव्हिस हे ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर १३४५ मीटरचं. वेल्समधलं स्नोडन १०८५, लेक डिस्ट्रिक्टमधलं स्कॅफेल पाइक ९७८. आपलं कळसूबाई १६४६. बाबा सह्याद्रीत भटकलेले असतील तर हा हिशेब ते स्वतःच ऐकवतील.

लंडनहून निघणार असाल तर पहिली चाळणी प्रवासाची. लंडनच्या युस्टन स्टेशनहून ऑक्सनहोमला ट्रेन पावणेतीन तासांच्या आसपास पोचते, तिथे गाडी बदलली की वीसेक मिनिटांत विंडरमिअर. वेल्सला लँडडनो जंक्शनपर्यंत तीन-सव्वातीन तास. एडिनबरा साडेचार तास, पण एडिनबरा म्हणजे हायलँड्स नव्हेत. ग्लासगोहून हायलँड्समधल्या फोर्ट विल्यमला आणखी पावणेचार तास लागतात, म्हणजे लंडनहून निघालात तर अख्खा दिवस त्यातच गेला. रात्रीची कॅलेडोनियन स्लीपर ट्रेन लंडनहून थेट फोर्ट विल्यमपर्यंत जाते, पण बहुतेक केबिनमधले बर्थ एकावर एक असतात आणि वरच्या बर्थवर शिडीने चढावं लागतं. शनिवारी रात्री ती सुटतच नाही.

तिकिटांबद्दल एक सांगून ठेवते. साठी ओलांडलेल्या कुणालाही सीनियर रेलकार्ड हे सवलतीचं कार्ड काढता येतं, त्यासाठी इथला रहिवासी असावं लागत नाही. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. आई-बाबा सगळीकडे जोडीनेच फिरणार असतील तर दोघांत एकच ‘टू टुगेदर’ कार्ड पुरतं. दोन्हींत भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. टू टुगेदर मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही.

गाडी चालवणारं कुणी नसेल तर लेक डिस्ट्रिक्ट सर्वांत सोयीचं. विंडरमिअर स्टेशनातून बाहेर पडलं की ५९९ नंबरची बस मिळते. उन्हाळ्यात बहुधा उघड्या टपाची डबलडेकर असते आणि अँबलसाइडवरून ग्रासमिअरपर्यंत नेते. बोनेसच्या धक्क्यावर स्टीमरमध्ये बसायचं, आत काचेमागची जागा धरायची, आणि तळ्याच्या दुसऱ्या टोकाला लेकसाइडला उतरलं की धक्क्यालगतच वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वे उभी असते. सगळा दिवस बसून जातो आणि तरीही बरंच बघून होतं. ग्रासमिअरला कवी वर्डस्वर्थचं डव्ह कॉटेज आहे. वडील इंग्रजीचे शिक्षक असतील तर तिथून लवकर निघायची आशा सोडा. इतरांसाठी तिथल्या जिंजरब्रेडच्या दुकानाची रांग आहे. गाडी नेलीत तर हार्डनॉट पास या घाटाच्या वाटेला जाऊ नका, चढ तीनास एक आहे आणि रस्ता एका गाडीपुरता. आणि पाऊस! याच भागातलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वाधिक पावसाचं गाव. कोकणातल्या माणसाला पावसाचं कौतुक नसेल, पण इथला पाऊस थंड असतो आणि वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. टोपीवालं रेनकोट-जाकीटच लागतं.

हायलँड्सचं रूप या तिघांत सर्वांत भव्य, यात वाद नाही. ग्लेनकोच्या दरीतून रस्ता जातो तेव्हा दोन्ही बाजूंचे डोंगर अंगावर येतात आणि त्यासाठी गाडीतून उतरावंही लागत नाही. ग्लेनफिनन हा २१ कमानींचा पूल बघायला वाफेच्या जेकोबाइट गाडीचीच तिकिटं हवीत असं नाही. फोर्ट विल्यमहून मालेगला जाणारी नेहमीची स्कॉटरेल त्याच पुलावरून, बऱ्याच कमी पैशांत जाते. जाताना डाव्या खिडकीशी बसा. मात्र एडिनबऱ्यात राहून एका दिवसात लॉक नेस तळं दाखवून परत आणणाऱ्या कोच टूरपासून आई-बाबांना लांब ठेवा. त्या साधारण बारा तासांच्या असतात आणि त्यातला बहुतेक वेळ सीटवर जातो. खुद्द एडिनबराही सगळं चढाचं आणि दगडी फरसबंदीचं. शिवाय ऑगस्टमध्ये फेस्टिव्हलमुळे हॉटेलांचे भाव कडाडतात, आणि उन्हाळाभर पाण्याकाठी मिजेस नावाचे बारीक चावरे किडे संध्याकाळी उघड्यावर बसू देत नाहीत. हातात सहा-सात दिवस असतील आणि वाटेत एक मुक्काम करता येणार असेल, तरच स्कॉटलंड.

राहता राहिलं नॉर्थ वेल्स. आपल्याकडे या तिघांत सर्वांत कमी नाव याचंच, आणि गुडघ्यांची कुरकुर असणाऱ्यांना माझी पहिली पसंती याला. मुक्काम लँडडनोत करावा. समुद्राला लागून लांबलचक, सपाट प्रॉमेनेड आहे, बसायला जागोजागी बाकं. सकाळी फिरायला जायची सवय असलेल्या आई-बाबांना तिथे तुमच्या सोबतीचीही गरज पडत नाही. गावामागच्या ग्रेट ऑर्म टेकडीवर १९०२ पासूनची, दोराने ओढली जाणारी ट्राम जाते. शेजारी कॉनवीचा किल्ला, इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३ मध्ये बांधायला घेतलेला. बुरुजांचे जिने गोल, अरुंद आणि उंच पायऱ्यांचे, तिथे ज्येष्ठांनी हट्ट करू नये. खालच्या मोकळ्या आवारातूनही किल्ला पुरेसा कळतो.

स्नोडनच्या माथ्याजवळ नेणारी दातेरी रुळांची रेल्वे लॅनबेरिसहून सुटते, लँडडनोहून गाडीने तासाभरावर. १८९६ सालची आहे. वर जायला एक तास, वर अर्धा तास थांबते आणि त्याच गाडीने परत. वर ढग असले तर चार हातांवरचंही दिसत नाही, आणि हवा फारच बिघडली तर गाडी अर्ध्या वाटेवरून मागे फिरते. ही जोखीम आई-बाबांना आधीच सांगून ठेवावी.

मला स्वतःला त्याहून फेस्टिनिओग रेल्वे आवडते. लँडडनोहून नेहमीच्या ट्रेनने ब्लैनाय फेस्टिनिओगला जायचं, तिथे एकाच स्टेशनात ही छोटी गाडी मिळते आणि ती डोंगर उतरत पोर्थमॅडॉगच्या बंदरापर्यंत नेते. डबे माथेरानच्या गाडीच्या मापाचे, त्यामुळे आई-बाबांना ओळख करून द्यावी लागत नाही. १८३६ मध्ये ही लाइन खाणीतला पाटीचा दगड (स्लेट) बंदरात पोचवायला सुरू झाली. भरलेल्या वाघिणी नुसत्या उताराने खाली यायच्या. घोडेही त्यांच्यासोबत एका वाघिणीत उभे राहून खाली यायचे आणि मग रिकाम्या वाघिणी वर ओढून न्यायचे. ब्लैनायभोवती या दगडाच्या चुरीचे करडे डोंगर अजून तसेच आहेत. पाऊस पडत असेल तर ते जास्तच देखणे दिसतात.

जेवणाचं तिन्हीकडे सारखंच. शाकाहारी माणसाला भाजलेला बटाटा आणि बीन्स, चीज सँडविच, चिप्स एवढं हमखास मिळतं. तिसऱ्या दिवशी वरण-भात आठवतो. म्हणून स्वयंपाकघर असलेलं कॉटेज किंवा फ्लॅट बघावा आणि लहान कुकर न्यावा. उन्हाळ्यात बरीच कॉटेजेस आठवड्याच्या हिशेबानेच मिळतात, त्यामुळे चार दिवसांसाठी शोधायला लवकर लागा.

बुक करण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा. लिफ्ट आहे का, कारण समुद्राकाठच्या जुन्या इमारतींत ती असेलच असं नाही. आणि शॉवर वेगळा आहे की बाथटबच्या आत? टबचा काठ ओलांडून ओल्या, गुळगुळीत पृष्ठभागावर पाय टाकणं सत्तरीत धोक्याचं असतं. स्नोडनच्या गाडीने जायचं ठरत असेल तर आधी तिची तिकिटं बघा आणि हॉटेलच्या तारखा त्यावरून ठरवा. शाळांच्या सुट्टीत ती बरीच आधी संपतात.