ऑम्बुड्समन, कमिशन, युनियन की वकील? ऑस्ट्रेलियात नोकरीचा प्रश्न कुठे न्यावा

ऑस्ट्रेलियात कामाच्या ठिकाणी काही बिनसलं की ‘फेअर वर्ककडे जा’ असं कोणीही सांगतं. अडचण अशी की फेअर वर्क नावाची कार्यालयं दोन आहेत. एक फेअर वर्क ऑम्बुड्समन, दुसरं फेअर वर्क कमिशन. कायदा एकच, 2009 चा फेअर वर्क ॲक्ट, पण कामं पूर्ण वेगळी. चुकीच्या दारात दोन-तीन आठवडे गेले तर तोवर योग्य दार बंद झालेलं असू शकतं. म्हणून आधी एवढंच ठरवा: पैसे अडकलेत की नोकरी गेलीय?

नोकरी गेली असेल तर कमिशन, आणि ताबडतोब. कामावरून काढल्याच्या दिवसापासून 21 दिवसांत अर्ज पोहोचावा लागतो. शनिवार-रविवार त्यातच धरले जातात आणि मुदतवाढ फारच अपवादात्मक कारणासाठी मिळते. ‘आधी ऑम्बुड्समनला विचारून बघू’ हा विचार इथेच महागात पडतो. अन्यायाने काढलं की नाही, हे ऑम्बुड्समन तपासतच नाही. तो फार तर नोटीस पिरियडचे आणि उरलेल्या रजेचे पैसे मिळाले का, एवढं बघेल.

आपल्याकडे कमिशन म्हटलं की वर्षानुवर्षं न येणारा अहवाल आठवतो. हे तसं नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो, शुल्क माफक असतं आणि तेही परवडत नसेल तर माफीसाठी विनंती करता येते. मग बहुतेक वेळा फोनवरच समेटाची बैठक होते: एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मालक, मध्ये कमिशनचा माणूस. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. काही आठवड्यांचा पगार मिळतो, कधी ‘काढलं’ऐवजी ‘राजीनामा दिला’ अशी नोंद होते. फार मोठं घबाड मात्र नाही. अनफेअर डिसमिसलमध्ये, म्हणजे अन्यायाने काढल्याच्या दाव्यात, भरपाईची कमाल मर्यादा 26 आठवड्यांच्या पगाराइतकी आहे.

हा दावा करायला किमान सहा महिने नोकरी झालेली हवी. मालकाकडे 15 पेक्षा कमी माणसं असतील तर बारा महिने. कॅज्युअल, म्हणजे ठरलेल्या तासांची हमी नसलेले कामगार असाल, पण शिफ्ट नियमित असतील आणि त्या पुढेही मिळतील अशी रास्त अपेक्षा असेल, तर तो काळही मोजला जातो. मुदत भरली नसेल तरी लगेच हात टेकू नका. पगाराबद्दल विचारलं, आजारपणाची रजा घेतली किंवा गरोदर आहे हे सांगितलं म्हणून काढलं असेल, तर ‘जनरल प्रोटेक्शन्स’खाली अर्ज करता येतो. त्याला किमान नोकरीची अट नाही आणि काढण्याचं कारण ते नव्हतं, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. मुदत मात्र तीच, 21 दिवस. कमिशनमध्ये मिटलं नाही तर हे प्रकरण कोर्टात जाऊ शकतं, म्हणून या वाटेने जाण्याआधी वकिलाशी एकदा बोलून घेतलेलं बरं. दोन्ही दावे एकाच वेळी चालवता येत नाहीत.

आता पैशांचं. तासाला कमी दर, रविवारचा जादा दर नाही, ‘ट्रायल’ म्हणून फुकट राबवून घेतलेल्या शिफ्ट, पे स्लिपच नाही, किंवा नोकर असूनही एबीएन (स्वतंत्र व्यावसायिकाचा नोंदणी क्रमांक) काढायला लावलं: ही सगळी ऑम्बुड्समनची कामं. फोन 13 13 94. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर 131 450 या सरकारी दुभाषा सेवेमार्फत जोडून घ्या. फोनच्याही आधी त्यांच्या वेबसाइटवरचं पगार मोजण्याचं साधन वापरा. त्यात तुमचा अवॉर्ड, म्हणजे तुमच्या उद्योगासाठी ठरलेलं किमान दर आणि अटींचं पत्रक, निवडलं की कोणत्या वाराला तासाचा दर किती, हे समोर येतं. ‘सगळीकडे असंच देतात’ या मालकाच्या वाक्याला तो आकडा चांगलं उत्तर असतो.

पण ऑम्बुड्समनकडून अपेक्षा बेताची ठेवा. तो तुमचा वकील नाही. तो नियम सांगतो, मालकाशी कसं बोलावं याचे नमुने देतो आणि बऱ्याचदा आधी स्वतःच बोलून बघायला सांगतो. प्रकरण गंभीर असेल तर तपास करतो, नोटीस काढतो, कोर्टातही जातो, पण कोणाच्या मागे जायचं हे तो ठरवतो, तुम्ही नाही. तिथून ठोस काही होत नसेल तर एक लाख डॉलरपर्यंतच्या थकबाकीसाठी स्मॉल क्लेम्सचा मार्ग खुला आहे. फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टात ही सोपी प्रक्रिया चालते आणि सहा वर्षं मागेपर्यंतचे पैसे मागता येतात. त्यामुळे पैशांच्या बाबतीत घाई नाही, पण पुरावा हवा. शिफ्टचे मेसेज, रोस्टरचे फोटो, बँकेतल्या नोंदी नोकरी चालू असतानाच जमवून ठेवा. कामाच्या मेसेज ग्रुपमधून काढून टाकल्यावर ते मिळत नाहीत.

विद्यार्थ्यांची खरी भीती वेगळी असते: पंधरवड्याला 48 तासांच्या व्हिसा-मर्यादेपेक्षा जास्त काम केलंय, तक्रार केली तर व्हिसा जाईल. ही भीती मालकाला नेमकी ठाऊक असते. पण व्हिसा कोणताही असला तरी पगाराचे हक्क तेच राहतात आणि 1 जुलै 2024 पासून व्हिसाची धमकी देऊन राबवून घेणं हा मालकाचा गुन्हा आहे. पिळवणूक झाल्याचं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेकडून मिळालं तर कामाच्या अटी मोडल्याबद्दल व्हिसा रद्द होण्यापासून संरक्षण मिळू शकतं. या प्रकारात मी थेट ऑम्बुड्समनला फोन लावा असं म्हणणार नाही. आधी कम्युनिटी लीगल सेंटर गाठा. तिथला सल्ला मोफत आणि गोपनीय असतो, आणि तो फक्त तुमच्या बाजूचा असतो. व्हिक्टोरियात जॉबवॉच आणि मायग्रंट वर्कर्स सेंटर, सिडनीत रेडफर्न लीगल सेंटर ही ओळखीची नावं. ऑम्बुड्समनकडे निनावी माहितीही देता येते, पण त्यातून तुमचे पैसे परत येतील असं समजू नका.

युनियनबद्दल आपल्या लोकांत दोन टोकं दिसतात: एक तर ‘त्या भानगडीत नको’, नाही तर नोकरी गेल्यावर सदस्य होण्याची धावपळ. दुसरी बहुधा वाया जाते, कारण आधीच उभ्या राहिलेल्या वादात नव्या सदस्याला बहुतेक युनियन पूर्ण मदत करत नाहीत. युनियनचा उपयोग नोकरी सुरू असताना. एकाच हॉटेलात दहा जणांना कमी पगार मिळत असेल तर एकट्याच्या तक्रारीपेक्षा ती वाट कितीतरी जोरकस. वर्गणी करातून वजा होते आणि सदस्य झालात म्हणून काढणं बेकायदेशीर आहे.

खासगी वकील मोठ्या पगाराच्या किंवा गुंतागुंतीच्या प्रकरणातच परवडतो. कमिशनसमोर जिंकलात तरी वकिलाचा खर्च साधारणपणे ज्याचा त्यालाच सोसावा लागतो. ‘जिंकलो तरच फी’ म्हणणारे काही एजंट वकील नसतातच, तेव्हा सही करण्याआधी त्यांचा वाटा किती, ते लेखी घ्या. मोफत पर्याय म्हणून कमिशनचीच वर्कप्लेस ॲडव्हाइस सर्व्हिस आहे. तिच्यातून पात्र कामगारांना आणि छोट्या मालकांना वकिलाचा सल्ला मिळतो.

छोट्या मालकांना हे कळल्यावर आश्चर्य वाटतं. कॅफे, क्लीनिंग किंवा किराणा चालवणाऱ्यांचा समज असतो की फेअर वर्क म्हणजे फक्त धाड. प्रत्यक्षात ऑम्बुड्समन मालकांनाही तितकाच सल्ला देतो. छोट्या व्यवसायांसाठी त्याची खास सेवा आहे, तिथे अवॉर्डबद्दल प्रश्न टाकला की लेखी उत्तर मिळतं. फोनवरच्या तोंडी उत्तरापेक्षा हे फार बरं, कारण उद्या वाद झाला तर हातात कागद असतो. 15 पेक्षा कमी माणसं असतील तर कोणाला काढण्याआधी स्मॉल बिझनेस फेअर डिसमिसल कोड वाचा. छोटासाच आहे आणि तो नीट पाळला असेल तर काढणं न्याय्य धरलं जातं. माणसं मोजताना नियमित कॅज्युअलही मोजा.

अकाउंटंटवर सोडून मोकळं होणं ही मालकांची आवडती पळवाट. पगार बँकेत टाकणं वेगळं आणि कर्मचारी कोणत्या अवॉर्डच्या कोणत्या पायरीवर बसतो हे ठरवणं वेगळं. चूक झाली तर जबाबदारी तुमचीच. अकाउंटंटही सुटतोच असं नाही, 2017 मध्ये अशा एका प्रकरणात हिशेब पाहणाऱ्या फर्मलाही कोर्टाने जबाबदार धरलं होतं. आणि 1 जानेवारी 2025 पासून जाणूनबुजून पगार बुडवणं हा तुरुंगवासापर्यंत जाऊ शकणारा फौजदारी गुन्हा आहे. प्रामाणिक चूक त्यात येत नाही, म्हणून आपण कुठे आणि कधी विचारलं याची नोंद ठेवण्याला किंमत आली आहे. उद्योग संघटनेची वार्षिक वर्गणी मोठी वाटते, पण दहा-बारा माणसं असतील आणि रोज नवा प्रश्न पडत असेल तर ती वसूल होते. दोनच कॅज्युअल असतील तर मोफत सेवा पुरेशी आहे.

काही प्रश्न या दोन कार्यालयांपलीकडचे. सुपर, म्हणजे मालकाने भरायची निवृत्तीनिधीची रक्कम, जमा झाली नसेल तर टॅक्स ऑफिस, म्हणजे एटीओ. जागा धोकादायक असेल किंवा इजा झाली असेल तर राज्याची सुरक्षा यंत्रणा: व्हिक्टोरियात वर्कसेफ, न्यू साउथ वेल्समध्ये सेफवर्क. वंश, लिंग किंवा वयावरून भेदभावासाठी ह्यूमन राइट्स कमिशन. आणि तुम्ही पर्थकडे असाल, मालकाचा धंदा कंपनी म्हणून नोंदवलेला नसून एकट्याच्या किंवा भागीदारीच्या नावावर असेल, तर वरचं बरंचसं तुम्हाला लागूच होत नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा कायदा आहे, चौकशीसाठी वेजलाइन आहे. अर्ज भरण्याआधी पे स्लिपवर मालकाच्या नावापुढे ‘पीटीवाय लिमिटेड’ (Pty Ltd) ही कंपनीची खूण आहे का, ते बघून घ्या.