टाचेतून ‘मवाद’ (पू) काढणाऱ्यांपासून सावध राहा

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकवताच टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावलांत ती ओसरते आणि बराच वेळ बसून उठलं की पुन्हा येते. हे प्लांटर फॅसायटिसचं, म्हणजे तळव्यातला पट्टा झिजून होणाऱ्या टाचदुखीचं, ठरलेलं लक्षण. दुखणं महिनोन्‌महिने चालतं, माणूस कंटाळतो, जो कोणी खात्री देईल त्याचं ऐकायला तयार होतो. ठग नेमके अशाच लंगडणाऱ्या वयस्क माणसांना हेरतात.

इंदूरला रामबागेतल्या एका काकूंना असंच गाठलं गेलं. राजवाड्याकडून भाजी घेऊन येताना एक नीटनेटका माणूस थांबला. “माताजी, एड़ी में दर्द है क्या? मेरी माँ को भी यही था, एक ही बार में ठीक हो गया.” पैशांचा विषय नाही, फक्त ‘हकीमसाहेबांचा’ फोन नंबर दिला आणि यांचा घेतला. या पहिल्या माणसाचं काम एवढंच असतं: विश्वास बसवणं. दुसऱ्या दिवशी हकीम मदतनिसाला घेऊन घरी हजर. तळपाय दाबून पाहिला, “मवाद भर गया है” म्हणाला आणि दर सांगितला तो एका नळीचा. किती नळ्या लागतील ते मात्र सांगितलं नाही. ब्लेडने बारीक चिरे, त्यावर पितळेची शंकूसारखी नळी, तोंडाने ओढणं, आणि वाटीत पिवळसर दाट द्रव. मुलाला मध्येच हळद आणि गरम पाणी आणायला पाठवलं. तो परत येईपर्यंत नळ्यांचा आकडा कुठल्या कुठे गेला होता. नळीला ३,००० रुपये धरले तरी ४० नळ्यांचे १,२०,००० होतात, आणि रक्ताळलेला पाय समोर असताना घरातलं कोणी हुज्जत घालत नाही. पैसे घेऊन गेल्यावर दोन्ही फोन बंद.

या दुखण्यात पू नसतोच. प्लांटर फॅशिया म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत गेलेला चिवट पट्टा. वारंवार ताण पडून तो टाचेजवळच्या टोकाला झिजतो आणि जाड होतो. सोनोग्राफीत त्याची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त दिसते. पू जंतुसंसर्गात होतो. तेव्हा जागा लाल आणि गरम होते, बसल्याजागीही ठणकते, बहुधा तापही येतो. शिवाय टाचेची कातडी जाड, तिच्याखाली दीड-दोन सेंटीमीटर चरबीची गादी, आणि फॅशिया त्याच्याही आत. वरच्या चिऱ्यातून तिथलं काहीच ओढून निघत नाही. वाटीतलं पिवळं म्हणजे रक्तात हातचलाखीने मिसळलेला पदार्थ. एक्स-रेत दिसणारं वाढलेलं हाडही असं ‘खेचून’ निघत नाही, आणि टाच कधीच न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेत ते असतं.

त्या संध्याकाळी बरं वाटतं, हेही खरं. दिवसभर पाय टेकवलेला नसतो आणि चिऱ्यांच्या आगीपुढे जुनी कळ जाणवत नाही. एवढ्यावर लोक दुसऱ्याला तोच नंबर देतात, याचं फार वाईट वाटतं.

खऱ्या उपचाराला पैसे थोडे लागतात, चिकाटी जास्त. पलंगावरून उतरण्याआधीच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं हाताने नडगीकडे ओढा, तळव्यातला पट्टा ताणलेला लागला पाहिजे. १० सेकंद धरा, १० वेळा करा, दिवसातून ३ वेळा. बहुतेक जण हा ताण चहा झाल्यावर देतात, तोवर पहिल्या पावलांचा झटका बसून गेलेला असतो. पुढे पायरीच्या कडेवर, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाच ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबून, ३ सेकंदांत खाली. १२ वेळांच्या ३ फेऱ्या, एक दिवसाआड, कठड्याला धरूनच. घरातही फरशीवर अनवाणी फिरू नका, मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पल घाला. बर्फाची बाटली तळव्याखाली १० मिनिटं फिरवता येते, पण मधुमेहाने पाय बधिर झाला असेल तर नको. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडणं ही नेहमीची चूक. पट्टा भरून यायला महिने लागतात, पण बहुतेकांना वर्षभराच्या आत शस्त्रक्रियेशिवाय आराम पडतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, मात्र वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याचा आणि चरबीची गादी विरण्याचा धोका असतो. रात्री झोपेतही दुखत असेल, मुंग्या येत असतील, पडल्यानंतर सुरू झालं असेल किंवा टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येत असेल, तर घरचे व्यायाम थांबवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

चिरे आधीच पाडले गेले असतील तर लाज बाळगू नका. जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी एमवायमध्ये (इंदूरच्या सरकारी रुग्णालयात) जा. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल. तेच ब्लेड आणि तीच नळी आणखी किती जणांना लागली असेल सांगता येत नाही, म्हणून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या ठरल्या तर ७२ तासांच्या आतच सुरू कराव्या लागतात. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधी सांगा.

आणि पोलीस ठाण्यात जाच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली ही फसवणूक आहे. यूपीआयने पैसे दिले असतील तर व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि बँकेला लगेच कळवा. वाटी, कापूस, ब्लेड फेकू नका, कागदात गुंडाळून वेगळं ठेवा. शेजाऱ्यांच्या आणि गल्लीतल्या दुकानांच्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण त्याच दिवशी मागा. काही दिवसांत ते आपोआप पुसलं जातं, आणि त्या माणसांचे चेहरे बहुधा तिथेच असतात.